न दिसणाऱ्या गिऱ्हाइकांची खतावणी

जालना शहरांतील मस्तगड ही वास्तु 18 व्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशांतील आहे. पहिला निजाम आसफजाह याच्या आज्ञेवरून काबिलखानानें जालन्याचा किल्ला बांधला. त्याचा आंतला गड तो मस्तगड. दरवाजावर बांधकामाचा काळ सांगणारा फारसी लेख आणि आंत दालनें कोरलेली एक मोठी विहीर, अशी त्याची नोंद गॅझेटियरांत केलेली आहे. पहारेकरी केव्हांच गेले. आज मस्तगड म्हणजे जालन्याचा एक भाग, एवढाच अर्थ पत्ता लिहिणाराच्या मनांत असतो. तथापि तटबंदीच्या सर्वच गांवांच्या बाबतींत एक गोष्ट सारखी होती. आंत कोण आलें, कोणत्या वाटेनें आलें, आणि रिकाम्या हातानें परतलें कीं कांहीं खरेदी करून, हें कळण्याची जागा एकच, ती म्हणजे वेस. निजामाच्या राज्यांत जकातीच्या खात्यास करोडगिरी असें नांव होतें. त्या खात्याच्या नाक्यावरील कारकुनाला अर्थशास्त्र ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. परंतु त्याची वही ज्याला वाचतां येई, त्याच्या हातीं बाजाराची नाडी लागे.

जालना ही आजहि व्यापाऱ्यांची पेठ आहे. 1964 सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली, आणि त्या कामाबद्दल त्यांना 1998 चें जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. लोखंडाच्या सळयांचे कारखाने येथें आहेत. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन प्राप्त झालेलें आहे. अशा पेठेंतील बियाण्यांचा व्यापारी, मोसंबीच्या कलमांचा रोपवाटिकावाला, साड्यांचा दुकानदार किंवा सराफ जेव्हां आपल्या मालाचें संकेतस्थळ काढतो, तेव्हां तो दुकानाला दुसरें एक दार पाडतो. त्या दाराला उंबरठा नाहीं. समोरून येणारें गिऱ्हाईक दिसत नाहीं. तें किती वेळ रेंगाळलें, कशाची किंमत पाहून मागें फिरलें, हेंहि दिसत नाहीं. गादीवर बसलेल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या चपला कोणत्या बाजूनें आल्या हें पाहण्याची जन्माची सवय असते. या नव्या दाराशीं मात्र तो अंध होतो, आणि जाहिरातीवर पैसा तर रोज खर्च होत असतो.

या न दिसणाऱ्या गिऱ्हाइकांची नोंद ठेवण्याचें जें शास्त्र गेल्या 30 वर्षांत उभें राहिलें, त्याला वेब ॲनालिटिक्स म्हणतात. नांव परकें असलें तरी वस्तु परकी नाहीं. प्रत्येक कचेरींत आवक-जावक बारनिशी असते. कोणतें टपाल कोणत्या तारखेस आलें आणि कोणाकडे गेलें, याची ती ओळीवार नोंद. ज्या यंत्रावर संकेतस्थळ ठेवलेलें असतें तें यंत्रहि, कोणी पान मागितलें कीं, अशीच एक ओळ लिहून ठेवतें: अमुक पत्त्यावरून, अमुक वेळीं, अमुक पानाची मागणी झाली, मागणारा अमुक ठिकाणाहून आला, त्याचें उपकरण अमुक जातीचें. ही झाली बारनिशी. परंतु बारनिशी नुसती वाचून व्यापाऱ्यास उपयोग नाहीं. रोजकीर्दीवरून जशी खतावणी करावी लागते आणि खतावणीवरून ताळेबंद, तशाच या ओळी खात्यावार मांडाव्या लागतात. ॲनालिटिक्सचें सॉफ्टवेअर करतें तें हेंच.

प्रारंभीचीं साधनें खरोखरच बारनिशी मोजणारीं होतीं. 1995 सालीं केंब्रिज येथें स्टीफन टर्नर यांनीं केलेली 'ॲनालॉग' नांवाची आज्ञावली यंत्राच्या ओळी वाचून तक्ते देत असे. अडचण एवढीच कीं, ओळीवरून मागणी कळे, मागणारा कळत नसे. काल येऊन गेलेलें गिऱ्हाईक आज पुन्हां आलें, तर तें तेंच कीं दुसरें? या प्रश्नाला जें उत्तर पुढें उपयोगी पडलें, तें नेटस्केप कंपनींत लू माँटुली यांनीं 1994 मध्येंच तयार करून ठेवलें होतें. त्याचें नांव कुकी. कुकी म्हणजे पाहुण्याच्या खिशांत घातलेली एक लहानशी चिठ्ठी. पुढच्या खेपेस ती दाखविली कीं ओळख पटते. चिठ्ठी हरवली, किंवा पाहुण्यानेंच ती फेकून दिली, तर ओळखहि गेली. पुढें पानाच्या पोटांतच एक लहानसा लेख ठेवण्याची युक्ति निघाली. पान उघडलें कीं तो लेख दूरच्या यंत्राला वर्दी देतो. या पद्धतीचा प्रसार झाला, आणि त्यांत सॅन डिएगो येथील अर्चिन या कंपनीचा मोठा वांटा आहे. एप्रिल 2005 मध्यें गूगलनें अर्चिन विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तें साधन 'गूगल ॲनालिटिक्स' या नांवानें फुकट देऊं केलें. मागणी इतकी उसळली कीं नवीं खातीं देणें कांहीं काळ थांबवावें लागलें. अर्चिनचें नांव पुसलें गेलें, तरी तिची खूण उरली आहे. जाहिरातीच्या दुव्याला चिकटलेलीं 'यूटीएम' हीं अक्षरें पुष्कळांनीं पाहिलेलीं असतात. त्यांतील पहिलें अक्षर अर्चिनचें आहे.

आतां ही खतावणी वाचावी कशी? नवशिका प्रथम वरचा मोठा आकडा पाहतो आणि हरखून जातो. गेल्या महिन्यांत 1000 माणसें दुकानांत येऊन गेलीं! वस्तुतः त्या आकड्यांत माणसें नसतातच. सॉफ्टवेअर मोजतें तीं उपकरणें आणि त्यांतील ब्राउझर. एकाच गृहस्थानें सकाळीं फोनवर आणि दुपारीं कचेरींतील संगणकावर तेंच पान पाहिलें, तर सामान्यतः त्याचे दोन गृहस्थ होतात. उलट ज्या घरांत एकच फोन आहे, तेथें साड्यांच्या दुकानाचें पान आधीं आई पाहते, मग आत्या, मग जिचें लग्न ठरलें आहे ती मुलगी. तिघींचीं तीन मनें, परंतु सॉफ्टवेअरच्या लेखीं ती एकच व्यक्ति. गांवाच्या नांवाचेंहि असेंच आहे. मोबाईल कंपनीचें जाळें ज्या मोठ्या शहरांतून बाहेर पडतें, त्या शहराचा शिक्का पाहणाऱ्यावर बसतो. त्यामुळें जालन्यांत बसून पाहणारा माणूस मुंबईकर म्हणून नोंदला जाणें ही कांहीं अपूर्वाईची गोष्ट नव्हे. हें ज्यास ठाऊक नाहीं तो दुकानदार मुंबईंत जाहिरात वाढवून बसतो.

'भेट' या साध्या शब्दाचीहि व्याख्या येथें ठरवून घ्यावी लागते. गूगलच्या सॉफ्टवेअरमध्यें, दुसरें कांहीं ठरविलें नसेल तर, 30 मिनिटें कांहीं हालचाल झाली नाहीं म्हणजे भेट संपली असें धरतात. पान उघडें टाकून कोणी जेवावयास गेलें आणि तासाभरानें येऊन पुन्हां चाळूं लागलें, तर ती दुसरी भेट. 2020 नंतरच्या आवृत्तींत 'गुंतलेली भेट' अशी एक जात आली आहे. पान 10 सेकंदांहून अधिक काळ समोर राहिलें, किंवा दोन पानें पाहिलीं गेलीं, किंवा मालकानें महत्त्वाची म्हणून नेमलेली एखादी कृति घडली, कीं भेट गुंतलेली झाली. 10 सेकंदांत साडीचा पदरहि उलगडत नाहीं, हें कोणत्याहि दुकानदारास विचारून पाहावें! व्याख्या वाईट आहे असें नाहीं; ती कोणा एकानें ठरविलेली आहे, एवढें ध्यानांत ठेवून आकडा वाचला पाहिजे. शेर कोणत्या गांवचा हें न विचारतां धान्य मोजून घेणारा पूर्वीं फसत असे, त्यांतलाच हा प्रकार.

याहून मोठी उणीव दुसरीच आहे, आणि ती जालन्यासारख्या गांवीं फार जाणवते. गिऱ्हाईक कोणत्या वाटेनें आलें हें सॉफ्टवेअर सांगतें: शोधयंत्रांतून आलें, जाहिरातीवरून आलें, दुसऱ्या एखाद्या पानावरील दुव्यानें आलें. ज्याची वाट कळत नाहीं, त्याला तें 'डायरेक्ट' या खात्यांत टाकतें. नांवावरून वाटतें कीं, हीं माणसें दुकानाचें नांव पाठ करून थेट आलीं. प्रत्यक्षांत हें खातें म्हणजे कारकुनानें 'ठिकाण अज्ञात' असा शेरा मारलेल्यांची कोठी आहे. व्हॉट्सॲपवर मामीनें भाचीला धाडलेला दुवा बहुधा याच कोठींत येऊन पडतो. मराठी कुटुंबांतील खरेदीची निम्मी चर्चा ज्या रस्त्यानें चालते, त्या रस्त्याला नाकाच नाहीं, असा याचा अर्थ. उपाय अवघड नाहीं. दुकानानें स्वतः व्हॉट्सॲपवर दुवा पाठवितांना त्याला वर सांगितलेलीं 'यूटीएम' अक्षरें जोडावींत. मग निदान आपण पाठविलेली चिठ्ठी परत आली तर ती ओळखतां येते. मामीच्या चिठ्ठीचा थांग मात्र मामीस विचारल्याखेरीज लागावयाचा नाहीं.

आणि गिऱ्हाईक शेवटीं करतें काय? तें पानावर बटण दाबून क्वचित् खरेदी करतें. शेतकरी रोपवाटिकेचें पान पाहतो, कलमांचा फोटो मोठा करून पाहतो, आणि मग फोन लावतो. कोणती जमीन, पाणी किती, कलमें किती दिवसांचीं, भाडें कोणाचें, हें सगळें तोंडीं ठरतें; पैसे यूपीआयनें येतात. सॉफ्टवेअरच्या खतावणींत या गृहस्थाचें नांव 'पाहून निघून गेला' या सदराखालीं. विक्री झाली ती दुकानाच्या वहींत. एक वही दुसऱ्या वहीशीं बोलत नाहीं. येथें जो मनुष्य दोन्ही वह्या एकत्र आणील, तोच या विद्येंत उपयोगी. पानावरील फोन नंबरास बोट लागलें कीं त्याची नोंद व्हावी, अशी व्यवस्था सॉफ्टवेअरमध्यें करतां येते, ती करावी. फोन घेणाऱ्या मुनिमानें "आमचा पत्ता कोठें मिळाला?" असें विचारून उत्तर वहीच्या समासांत टिपावें. महिनाअखेर दोन्ही नोंदी शेजारीं ठेवाव्यात. हें काम इतकें साधें आहे कीं तें कोणत्याहि परीक्षेंत विचारलें जात नाहीं, आणि म्हणूनच तें बहुतेक ठिकाणीं होत नाहीं.

पंचांगाचा प्रश्न याहूनहि मनोरंजक आहे. सॉफ्टवेअर इंग्रजी महिन्यांची तुलना करून देतें आणि वाढ हिरव्या, घट तांबड्या रंगांत दाखवितें. 2023 सालीं लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरास होतें. 2024 सालीं महाराष्ट्रांत तें 1 नोव्हेंबरास झालें. साड्यांच्या दुकानाचा नोव्हेंबर 2024 हा मागील नोव्हेंबराशेजारीं ठेवला, तर धंदा बसला असेंच चित्र दिसणार. कारण 2023 मध्यें दिवाळीपूर्वींचे 11 दिवस नोव्हेंबरांत पडले, 2024 मध्यें ती सगळी गर्दी ऑक्टोबरांत उरकून गेली. परगांवच्या सल्लागारानें हा तांबडा रंग पाहून जाहिरात बदलावी, पानें बदलावींत, कदाचित् माणूसहि बदलावा! मालकाच्या आईनें कालनिर्णयाचें पान उलटून ही चूक एका क्षणांत काढली असती. तुलना करावयाची ती दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंतच्या दिवसांची दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंतच्या दिवसांशीं. सॉफ्टवेअरमध्यें हव्या त्या दोन तारखा घालण्याची सोय आहेच. कोणत्या घालाव्यात हें मात्र त्याला सांगावें लागतें.

2023 सालीं 18 जुलैपासून 16 ऑगस्टपर्यंत अधिक श्रावण होता. अधिक मासांत लग्नकार्यें होत नाहींत, म्हणून बस्त्याच्या साड्यांचीं पानें ओस पडणें स्वाभाविक. पण जांवयाला वाण देण्याची चाल असल्यामुळें चांदीचीं निरांजनें आणि ताम्हनें यांचा शोध याच दिवसांत वाढतो. ज्यास हें ठाऊक नाहीं त्याला या चढणीचें कोडें पडेल आणि ती चढण पुढील वर्षीं त्याच तारखांना येईल म्हणून तो माल भरून ठेवील. बियाण्यांच्या व्यापाऱ्याचें गणित पुन्हां निराळें. मृग नक्षत्र सूर्याच्या गतीनें ठरत असल्यामुळें दरवर्षीं जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीस लागतें, आणि म्हणून इंग्रजी तारखांची तुलना त्याला चालते. पाऊस मात्र नक्षत्राचें ऐकत नाहीं, तेव्हां पहिल्या पावसाची तारीख शेजारीं लिहून ठेवली नाहीं तर तीहि तुलना फुकट. एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांना दोन पंचांगें लागतात!

एवढें सगळें खरें असतांना प्रमाणपत्रांची किंमत ती काय, असा प्रश्न साहजिकच येतो. आणि तो ज्या घरांत पदवीधर मुलगा किंवा मुलगी कामाच्या शोधांत आहे, त्या घरांत विशेष कळकळीनें विचारला जातो. डिजिटल मार्केटिंगचीं प्रमाणपत्रें देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्यांत गूगलचीं स्किलशॉपवर आणि हबस्पॉटचीं तिच्या अकादमींत मिळणारीं प्रमाणपत्रें फुकट आहेत. मेटा कंपनीच्या मुख्य परीक्षांना शुल्क पडतें. गूगल ॲनालिटिक्सच्या परीक्षेंत 50 प्रश्न, वेळ 75 मिनिटें, उत्तीर्ण होण्यास 80 टक्के गुण, आणि मिळालेलें प्रमाणपत्र 12 महिने टिकतें. नापास झालेल्यास एक दिवस थांबून पुन्हां बसतां येतें. परीक्षा घरीं बसून द्यावयाची; पर्यवेक्षक कोणी नाहीं. अभ्यासाचें साहित्य बहुतांशीं इंग्रजींत आहे, परंतु तें इंग्रजी व्यवहाराचें असल्यामुळें मराठी माध्यमांतून आलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या पंधरवड्यानंतर तें अडत नाहीं.

फुकट मिळणारी, घरबसल्या देतां येणारी ही परीक्षा जालन्यांतील मुलीला पुण्यास खोली न घेतां देतां येते, ही गोष्ट लहान नाहीं. आईबापांनीं ती हलकी मानूं नये. परंतु त्याच कारणानें तिचें वजनहि मर्यादित आहे. उत्तरांच्या याद्या इंटरनेटवर सर्वत्र फिरतात, आणि त्या पाठ करून 80 टक्के मिळविणें अशक्य नाहीं. असें प्रमाणपत्र मालकाला एवढेंच सांगतें कीं, उमेदवाराला या शास्त्राचे शब्द ओळखीचे आहेत. हजारों रुपये शुल्क घेऊन, नोकरीची हमी देऊन, विद्यार्थ्याच्या हातीं अखेर हेंच फुकट प्रमाणपत्र ठेवणारे वर्गहि चालतात. तेथें पैसे भरण्यापूर्वीं पालकांनीं एकच प्रश्न विचारावा: मुलाला खऱ्या दुकानाचें खातें हाताळावयास मिळेल काय? शिक्षक चांगला असेल तर तो या प्रश्नानें सुखावतो.

खरें खातें मिळेपर्यंत हात बसविण्यासाठीं गूगलनें एक नमुन्याचें खातें सर्वांस खुलें ठेवलें आहे. गूगलच्या स्वतःच्या टोप्या, पिशव्या आणि सदरे विकणाऱ्या दुकानाची ती खतावणी आहे. आकडे खरे आहेत, आणि विद्यार्थ्याला त्यांत कांहीं मोडतां येत नाहीं. दोन महिने रोज अर्धा तास त्यांत फिरावें. नंतर मात्र ओळखीच्या एखाद्या लहान दुकानाचें खातें मागून घ्यावें, मग तें मस्तगडावरील शिंप्याचें असो कीं नातेवाईकांच्या रोपवाटिकेचें. तेथें पहिल्याच दिवशीं ज्या गोष्टी दिसतात त्या नमुन्याच्या खात्यांत दिसत नाहींत: घड्याळ अमेरिकेचें लावलेलें, रक्कम डॉलरांत मांडलेली, मालकाच्या स्वतःच्या भेटी गिऱ्हाइकांत मिसळलेल्या. अविनाश कौशिक या भारतीय वंशाच्या लेखकाचें या विषयावरील पुस्तक 2007 सालीं प्रसिद्ध झालें. त्याच सुमारास त्यांनीं असा नियम सांगितला होता कीं, या कामासाठीं 100 ठेवावयाचे असतील तर 10 साधनावर आणि 90 तें वाचणाऱ्या माणसांवर खर्चावेत. साधन फुकट झाल्यावर पुष्कळ व्यापाऱ्यांनीं त्या 90 सुद्धां वांचविले, ही या नियमाची पुढची हकीकत!

फुकटाची दुसरीहि एक किंमत असते. ऑक्टोबर 2020 मध्यें गूगलनें ॲनालिटिक्सची नवी आवृत्ति काढली आणि 1 जुलै 2023 पासून साध्या खात्यांवरील जुन्या आवृत्तीचें मोजणें बंद केलें. दोन्हींची मोजण्याची रीतच निराळी असल्यामुळें जुनें खातें नव्यांत ओततां आलें नाहीं. आणि जुलै 2024 पासून जुनें खातें उघडणेंहि बंद झालें. ज्यांनीं वेळीं आकडे उतरवून घेतले नाहींत, त्यांच्या कित्येक वर्षांच्या वह्या अशा गेल्या. बदलाची पूर्वसूचना सव्वा वर्षाच्या आसपास आधीं मिळाली होती, तेव्हां नुसता कंपनीस दोष देऊन चालणार नाहीं. नव्या आवृत्तींतहि साध्या खात्याला गिऱ्हाईकवार बारीक तपशील आरंभीं दोनच महिने मिळतो. मालकानें मागितल्यास तो 14 महिन्यांपर्यंत राहतो; त्यासाठीं एक खूण बदलावी लागते, आणि ती पहिल्या दिवशींच बदलली पाहिजे, कारण गेलेला तपशील मागाहून मिळत नाहीं. ज्यांना दुसऱ्याच्या कोठींत वही ठेवणें पसंत नाहीं, त्यांच्यासाठीं माटोमोसारखें खुलें सॉफ्टवेअर आहे. 2007 सालीं तें पिविक या नांवानें निघालें. तें स्वतःच्या यंत्रावर ठेवतां येतें, मात्र त्याची देखभाल करणारें माणूस पाहिजे.

गिऱ्हाइकाच्या अब्रूचा प्रश्न येथेंच निघतो. वेशीवरचा कारकून माल पाही, पदर उचलून पाहत नसे. कोणाचें नांव, फोन नंबर किंवा ईमेलचा पत्ता ॲनालिटिक्सच्या खात्यांत जाऊं देऊं नये, असा गूगलचा स्वतःचाच नियम आहे. तो अनवधानानें फार सहज मोडतो. चौकशीचा अर्ज भरल्यावर जें 'आभारी आहोंत' असें पान उघडतें, त्याच्या पत्त्यांतच कधीं कधीं भरणाऱ्याचा फोन नंबर चिकटलेला असतो, आणि पानाचा पत्ता तर सॉफ्टवेअरकडे जातोच. 2023 सालीं आपल्या संसदेनें डिजिटल स्वरूपांतील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. माणसाच्या संमतीला त्यांत मुख्य स्थान आहे. सराफाच्या पेढीवर कोणत्या घरांतून काय गहाण पडलें हें शेजारच्या दुकानासहि कळत नसे. तीच रीत या नव्या वहीस लावावयाची आहे. होतकरू तरुणानें खातें हातीं घेतांच आधीं पानांचे पत्ते तपासावेत, विक्रीचे आकडे मागाहून.

प्रमाणपत्राची मुदत वर्षाची असते, आणि व्यापारी वहीचीहि वर्षाचीच. लक्ष्मीपूजनास नवी वही पुजून पाडव्यास तिच्यांत पहिली नोंद करण्याचा प्रघात पुष्कळ पेढ्यांवर चालू आहे. ज्या दुकानानें एखाद्या तरुणास हें काम सोंपविलें असेल, त्या दुकानीं त्यानें सरत्या वर्षाचे तक्ते त्याच सुमारास कागदावर उतरवून घ्यावेत. दसरा आणि दिवाळी केव्हां आली, अधिक मास होता कीं नव्हता, पहिला पाऊस कोणत्या दिवशीं पडला, जाहिरात कोणत्या आठवड्यांत बंद होती, हें त्यांवर शाईनें लिहावें, आणि जुन्या वहीबरोबर तोहि गठ्ठा त्याच फडक्यांत बांधून ठेवावा.